मुळी, साल आणि हक्क : आदिवासी वैदूंच्या औषधविद्येचा आढावा

१९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आला. उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या मुळीचे औषध दिल्यावर काय आढळले, याचा तो वृत्तांत होता. तीन वर्षांनी, १९५२ मध्ये, स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी त्याच मुळीतून रेसरपिन वेगळे काढले आणि रक्तदाब उतरवणारी गोळी जगभर गेली. पुढे ती मनोविकारांवरही वापरली गेली. वकिलांच्या आधी, १९३१ मध्ये, कोलकात्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोन्हींवर या मुळीचा गुण येतो असे लिहिले होते. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातली काही अल्कलॉइडे वेगळी केली होती. आणि या सगळ्यांच्या कितीतरी आधीपासून बिहारच्या खेड्यापाड्यांत ही मुळी 'पागल की दवा' म्हणून ओळखली जात होती.

या साखळीतल्या प्रत्येक डॉक्टरचे आणि रसायनशास्त्रज्ञाचे नाव आज सांगता येते. हे झाड ओळखून, मुळी खणून, ती कोणाला किती द्यायची हे ज्यांनी ठरवले, त्यांचे नाव मात्र कुठेच सापडत नाही. मुळीला मागणी आली तेव्हा ती जंगलातून पोत्यांनी उपसली गेली. आता सर्पगंधा 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. म्हणजे तिच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आहेत.

आदिवासी वैदूंच्या झाडपाल्याचा विषय निघाला की चर्चा लगेच 'खरे की थोतांड' यावर येऊन अडते. एवढ्या ढोबळ प्रश्नाला उत्तर नाही. कोणते झाड, त्याचा कोणता भाग, कोणत्या दुखण्यावर, कोणत्या मात्रेत, हे विचारल्याशिवाय काहीच ठरत नाही. आणि जे खरे ठरेल त्यावर कोणाचा हक्क, हे आधी ठरवल्याशिवाय तपासणीला हात घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. सर्पगंधेच्या बाबतीत जे झाले ते पुन्हापुन्हा होत आले आहे, म्हणून हा आग्रह.

महाराष्ट्रात ४५ अनुसूचित जमाती आहेत आणि २०११ च्या जनगणनेनुसार त्यांची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांच्या घरात जाते. औषध देणारा माणूस भागाभागाप्रमाणे वेगळा. वारली, कोकणा, ठाकर, कातकरी यांच्या पाड्यांवर भगत. मेळघाटच्या कोरकूंमध्ये भुमका आणि पडियार. सातपुड्यातल्या भिल्लांमध्ये बडवा. गडचिरोलीत पुजारी. वैदू नावाची एक भटकी जमातही आहे, पण या लेखात हा शब्द झाडपाल्याचा जाणकार एवढ्याच अर्थाने घेतला आहे. भगत तांदळाचे दाणे पाहतो, कोणत्या देवाचा कोप झाला ते सांगतो, उतारा काढायला लावतो आणि त्याच बैठकीत कमरेची मुळी काढून उगाळायलाही देतो. बाहेरच्या माणसाला यातले दाणे तेवढे दिसतात, मुळी दिसत नाही.

शिवाय सगळी विद्या भगताकडेच असते असेही नाही. बाळंतपणाचा पाला सुईणीला ठाऊक असतो. जखमेवरचा चीक गुराख्याला ठाऊक असतो. एखाद्या घराकडे एकाच दुखण्याचे औषध असते, मूळव्याधीचे किंवा मोडल्या हाडाचे, आणि ते बापाकडून मुलाकडे, सासूकडून सुनेकडे जाते. औषधाचे पैसे घ्यायचे नाहीत, नारळ किंवा मूठभर तांदूळ घ्यायचे. झाडाचे नाव सांगायचे नाही, सांगितले की गुण जातो. मुळी काढायला जाताना वाटेत बोलायचे नाही, झाडाला आधी अक्षता वाहायच्या. यातल्या काही रिवाजांमुळे झाडे ओरबाडली जाण्यापासून वाचली. नाव लपवण्याच्या रिवाजामुळे मात्र आज विद्येचेच नुकसान होते आहे, कारण शिकणारा मुलगा आश्रमशाळेत किंवा वीटभट्टीवर असतो आणि म्हातारा न सांगताच जातो.

जंगलात राहणाऱ्यांना झाडे कळतात हे शास्त्रकारांनी पूर्वीच मान्य केले होते. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना औषधींची नावे आणि रूपे ठाऊक असतात असे चरकसंहितेत म्हटले आहे. त्यापुढे चरक अशीही अट घालतो की नावरूप कळले म्हणून प्रयोग कळला असे होत नाही. युरोपीय लोक इथे आल्यावर लिहिणे वाढले. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधी वनस्पतींवरचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. शंभरावर वर्षांनी डच सरदार व्हान रीड याने मलबारच्या झाडांवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध केला. या ग्रंथातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. माहिती सांगणाऱ्यांची नावे त्यात छापली आहेत : मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तिघे कोकणी वैद्य, त्यांच्या नागरी अक्षरांतल्या दाखल्यासह. झाडावर चढून फांद्या उतरवणाऱ्यांची नावे तिथेही नाहीत. पण 'कोणी सांगितले' हा प्रश्न सतराव्या शतकात निदान विचारला तरी गेला.

एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी पश्चिम भारतातल्या औषधींवर लिहिताना कोकणातले घरगुती उपचार बारकाईने टिपले. मराठीत शंकर दाजीशास्त्री पदे यांचा 'वनौषधी गुणादर्श' आणि वामन गणेश देसाई यांचा 'औषधीसंग्रह' हे ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाताशी असतात. स्वातंत्र्यानंतर डॉ. सुधांशुकुमार जैन यांनी मध्य भारतातल्या आदिवासी भागांत फिरून या अभ्यासाला शिस्त लावली. १९८२ ते १९९८ या काळात केंद्राच्या पर्यावरण खात्याने लोकजीवशास्त्राचा अखिल भारतीय प्रकल्प राबवला. देशभरातले आदिवासी मिळून सुमारे १०,००० रानवनस्पती वापरतात आणि त्यांतल्या ८,००० च्या आसपास औषधासाठी, असे त्यातून पुढे आले. आयुर्वेदाच्या संहितांमधल्या वनस्पती याहून कितीतरी कमी भरतात.

त्यानंतर जिल्हावार, तालुकावार याद्यांचा पूर आला. महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांतून असे शेकडो निबंध निघाले. बहुतेकांचा साचा एकच : शास्त्रीय नाव, कुळ, स्थानिक नाव, वापरायचा भाग, उपयोग. उपयोगाच्या रकान्यात 'ताप', 'पोटदुखी', 'त्वचारोग'. कसला ताप, किती दिवसांचा, पाला ओला की सुका, किती वेळा द्यायचा, गरोदर बाईला चालतो का, काय खायचे नाही, याचा पत्ता नाही. माहिती देणारा म्हणजे 'स्थानिक वैदू'. अशा निबंधातून झाड कळते, उपचार कळत नाही. याला छेद देणारे मराठीतले पुस्तक म्हणजे डॉ. राणी बंग यांचे 'गोईण'. गडचिरोलीतल्या बायकांनी सांगितलेली झाडे त्यात त्यांच्या जगण्यासकट येतात : खाण्यात, गाण्यात, बाळंतपणात आणि दुखण्यात. या विषयात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आधी ते वाचावे.

उपचार नीट लिहायचा तर किती गोष्टी पाहाव्या लागतात, हे कुड्यावरून कळते. कोकण आणि सह्याद्रीच्या पट्ट्यात रक्ती आवेवर, म्हणजे आव-रक्त पडण्यावर, पांढऱ्या कुड्याची साल किंवा मुळी हे ठरलेले औषध. ठाकर-कातकरी वस्त्यांत मुळीला पाळ म्हणतात. जून झाडाचे पाळ घ्यायचे, कोवळ्याला जोर नसतो. धुऊन सहाणेवर ताकात उगाळायचे आणि सकाळी अनशापोटी द्यायचे. चव इतकी कडू की पोर तोंड फिरवते. सोबत पथ्य : तेल-तिखट बंद, नुसती मिठाची पेज. कुड्याची फुले आणि कोवळ्या शेंगा पावसाच्या तोंडावर भाजी म्हणून खातात ती वेगळीच.

आता अडचण अशी की रानात दोन कुडे शेजारीशेजारी उगवतात. पांढरा कुडा औषधाचा. काळ्या कुड्यात आवेवर काम करणारी अल्कलॉइडे नाहीत, म्हणून तिथे त्याचा उपयोग नाही. दोघांनाही पांढरी फुले, दोघांनाही चीक, दोघांनाही जोडीने लोंबणाऱ्या लांब शेंगा. जाणकार शेंग पाहतो. पांढऱ्याच्या दोन शेंगा सुट्या लोंबतात, काळ्याच्या कोवळ्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात. काळ्याचा पाला चुरगाळून ठेवला की निळसर पडतो. बी म्हणजे इंद्रजव, तेही चवीवरून कळते : पांढऱ्याचे कडू, काळ्याचे गोड. बाजारात या दोन सालींची सरमिसळ सर्रास होते. वैदूच्या हातून सहसा होत नाही, कारण तो सुकलेली साल विकत घेत नाही, झाडापाशी जातो.

प्रयोगशाळेनेही कुड्याच्या बाजूने कौल दिला आहे. सालीतले कोनेसिन हे अल्कलॉइड आवेच्या अमिबावर काम करते, आणि मेट्रोनिडाझोल येण्याआधीच्या काळात डॉक्टरही कुड्याची औषधे देत असत. पण जुलाब लागलेले मूल आवेने नव्हे, अंगातले पाणी संपल्याने मरते. तिथे कुडा कामाचा नाही. तिथे मीठ-साखरेचे पाणी हवे. वैदूच्या पथ्यातली मिठाची पेज हे काम काही अंशी करते, हे आपण आता समजू शकतो. निबंधातल्या रकान्यात नेमकी ती पेजच सुटते, कारण ती वनस्पतीच्या यादीत बसत नाही.

प्रत्येक औषध कुड्यासारखे कसोटीला उतरते असे नाही. कांडवेलीचे पाहा. मोडलेल्या हाडावर तिचा लेप लावून बांबूच्या कामट्यांनी हात बांधायचा, हा उपचार महाराष्ट्रभर आहे. बनारस हिंदू विद्यापीठात के. एन. उडुपा आणि जी. प्रसाद यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांवर प्रयोग केले तेव्हा कांडवेलीने हाड लवकर सांधते असे दिसले. म्हणजे वेलीत काहीतरी आहे. पण हाड बसवण्याचे कौशल्य ही निराळी बाब आहे. कामट्या करकचून बांधल्या, बोटे निळी पडली आणि रक्तपुरवठा तुटून हात कापावा लागला, अशा घटना हाडांच्या डॉक्टरांना नव्या नाहीत. वेल चांगली, बांधणी घातक, आणि दोन्ही एकाच माणसाच्या हातची. म्हणूनच 'वैदूचे औषध चालते का' या सरसकट प्रश्नाला मी उत्तरच देत नाही.

भुईआवळीचा धडा वेगळा आहे. काविळीवर ती देशभर देतात. १९८८ मध्ये चेन्नईचे डॉ. त्यागराजन आणि नोबेलविजेते ब्लुमबर्ग यांच्या गटाने 'लॅन्सेट'मध्ये लिहिले की हिपॅटायटिस बीच्या वाहकांपैकी निम्म्याहून अधिकांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. जगभर खळबळ उडाली. पुढे इतर ठिकाणच्या चाचण्यांत तो परिणाम पुन्हा दिसला नाही. झाड तेच होते का, कोणत्या मोसमात तोडले होते, याची चर्चा नंतर बरीच झाली. काविळीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. दूषित पाण्याने होणारी बहुतेक कावीळ काही आठवड्यांत आपली आपण उतरते. देवडांगरीच्या फळाचे थेंब नाकात टाकून पिवळे पाणी काढणारा माणूस त्याचे श्रेय घेतो. गरोदर बाईला झालेली हिपॅटायटिस ई मात्र थांबत नाही, तिथे नाकात थेंब टाकण्यात गेलेला दिवस जिवावर बेततो.

बिवळ्याच्या लाकडाच्या पेल्यात रात्री पाणी ठेवून सकाळी प्यायचे, हा मधुमेहावरचा उपाय आता शहरांतही पोहोचला आहे. बिवळ्याच्या औषधाची चाचणी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने केली आणि १९९८ मध्ये तिचे निष्कर्ष छापले. नव्याने मधुमेह झालेल्यांपैकी बऱ्याच जणांची साखर आटोक्यात आली. पण ती खुली चाचणी होती, आणि दिले गेले ते मोजून तयार केलेले औषध, पेल्यातले पाणी नव्हे. पेला विकणारे दुकानदार हा फरक सांगत नाहीत.

वैदूंची विद्या म्हणजे गोठलेली प्राचीन ठेव, असाही एक गैरसमज आहे. रानात कोयत्याने बोट कापले की पाड्यावरचे पोरही दगडीपाला चुरगाळून त्याचा रस जखमेवर पिळते. रक्त थांबते. हा दगडीपाला मूळचा उष्णकटिबंधीय अमेरिकेतला, इथे आलेला पाहुणा. बांधावर उगवलेले हे परदेशी तण कोणीतरी हुंगले, चुरगाळले, लावून पाहिले आणि गुण आला म्हणून ठेवून घेतले. कोणत्याही संहितेत ते नव्हते. करून पाहण्याची आणि पटल्यास स्वीकारण्याची ही सवय हीच या विद्येची खरी ताकद आहे. ज्यांच्या अंगी ती आहे त्यांना नवे शिकवणे अवघड नसते.

घातक गोष्टींबद्दल हातचे राखून लिहिण्यात अर्थ नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चार सापांच्या विषावर प्रतिसर्पविष हेच औषध, आणि ते दवाखान्यातच मिळते. सर्पदंशावर म्हणून सांगितलेली पाने-मुळ्या देशभर असंख्य आहेत. त्यांतली एकही प्रतिसर्पविषाची जागा घेऊ शकत नाही. पुष्कळ साप बिनविषारी असतात आणि विषारी सापही प्रत्येक चाव्यात विष सोडतोच असे नाही, म्हणून भगताचे रोगी वाचलेले दिसतात. मण्यार रात्री झोपेत चावते, वेदना फारशी नसते, आणि पहाटेपर्यंत श्वास बंद पडतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. विंचवाचेही तसेच. कोकणात विंचूदंशाने माणसे मरत असत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला तेव्हा ते मृत्यू आटोक्यात आले. सापसंद ही वेल सापाच्या विषावर आणि बाळंतपणात वापरतात. तिच्यातले ॲरिस्टोलोकिक आम्ल मूत्रपिंड निकामी करते आणि कर्करोगाला कारण होते, हे आता निर्विवाद आहे. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापल्या सळईचे डाग देतात, त्याला डंबा म्हणतात. त्याचा झाडपाल्याशी काही संबंध नाही आणि त्याचे समर्थन कोणत्याही परंपरेच्या नावाने होऊ नये.

तरीही लोक भगताकडे जातात. याचे कारण अज्ञानात शोधणाऱ्यांनी रात्री दोन वाजता एखाद्या पाड्यावरून आरोग्य केंद्रापर्यंतची वाट चालून पाहावी. भगत शेजारच्या झोपडीत असतो. तो रोग्याच्या बोलीत बोलतो, हाकलत नाही, उद्या या म्हणत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी शोधग्रामचा दवाखाना गोंड गावाच्या धर्तीवर बांधला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव दिले, त्यामागे हेच भान होते. मेळघाटात रोगी वेळेत दवाखान्यात पोहोचावा म्हणून भुमकांना बरोबर घेण्याचे प्रयत्न झाले आहेत. ही दिशा मला पटते. कुठे थांबायचे हे भगताला शिकवता येते, आणि तो थांबला तर त्याचा मान कमी होत नाही. वैदूंच्या कौशल्याची परीक्षा घेऊन त्यांना प्रमाणपत्र देण्याची योजना भारतीय गुणवत्ता परिषदेने आखली आहे. तिच्यामागे लोकस्वास्थ्य परंपरेवर काम करणाऱ्या बंगळूरुच्या संस्थेचा, एफआरएलएचटीचा, अनुभव आहे. ती १९९३ मध्ये स्थापन करणारे दर्शन शंकर त्याआधी कर्जतच्या आदिवासी भागात काम करत होते. म्हणजे या विचाराचे एक मूळ रायगड जिल्ह्यातल्या ठाकरवाड्यांत आहे.

आता हक्काकडे. १९८७ मध्ये केरळच्या अगस्त्य डोंगरात शास्त्रज्ञांचा एक गट फिरत होता. सोबतचे काणी वाटाडे एक लहानसे फळ खात आणि थकत नसत. आधी त्यांनी सांगायला नकार दिला, मग आरोग्यपच्चा ही वनस्पती दाखवली. तिच्यापासून 'जीवनी' हे औषध तयार झाले आणि १९९५ मध्ये कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला त्याचा परवाना देण्यात आला : दहा लाख रुपये आणि विक्रीवर दोन टक्के स्वामित्वधन, त्यातला निम्मा वाटा काणींना. त्यासाठी १९९७ मध्ये काणींचा विश्वस्त निधी नोंदवला गेला. लाभात वाटा देण्याचे जगातले हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. पण अडचणीही तिथेच दिसल्या. वनस्पती जंगलाबाहेर नीट येईना, जंगलात तोडायला वनखाते परवानगी देईना, आणि काही काणी वैद्यांनी विचारले की आमची गुप्त विद्या सांगायचा अधिकार त्या दोघा-तिघा वाटाड्यांना कोणी दिला? हा शेवटचा प्रश्न मला पैशांपेक्षा मोठा वाटतो.

हळदीचा लढा आपल्याला ठाऊक आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत दिलेले पेटंट डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने १९९७ मध्ये रद्द करवले. त्यातून २००१ मध्ये पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय उभे राहू लागले. पण ते उभे राहिले आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या लिखित ग्रंथांवर. ठाकर सुईणीने सांगितलेला पाला कोणत्याही पोथीत नाही, म्हणून त्या संरक्षणात तो बसला नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभात वाट्याची तरतूद केली. देशी कंपन्यांनाही ती लागू आहे, असे उत्तराखंड उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिव्य फार्मसीच्या प्रकरणात ठामपणे सांगितले. २०२३ च्या दुरुस्तीने मात्र ग्रंथबद्ध ज्ञान वापरणाऱ्यांना आणि आयुष वैद्यांना या वाट्यातून मोकळीक दिली. जंगलात अलिखित असलेले ज्ञान आज कोणी ग्रंथात दाखवले की त्याचा मूळ धनी वाट्याबाहेर पडू शकतो. ही दुरुस्ती अन्यायाची आहे, असे मी मानतो.

झाडांची अवस्थाही या हक्कांपासून वेगळी काढता येत नाही. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले मनसुख वाणी अमेरिकेत गेले आणि मन्रो वॉल यांच्यासोबत १९६६ मध्ये त्यांनी एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन हे कर्करोगावरचे रसायन शोधले. १९७२ मध्ये तेच रसायन सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात सापडले. मग नरक्या तुटू लागला. कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या घाटांत त्याच्या लाकडाची तस्करी वर्षानुवर्षे गाजली. अशा प्रकरणांत सापडतो तो कोयता चालवणारा मजूर, गोणी विकत घेणारा क्वचितच. पांढऱ्या मुसळीचे शास्त्रीय नाव बोरिवलीवरून पडले आहे, १९५५ मध्ये सांतापाव आणि फर्नांडिस यांनी ते दिले. आज तिचा रानातला कंद मोठा होण्याआधीच खणला जातो. सीता अशोकाची साल इतकी दुर्मीळ झाली की तिच्या नावाने खोट्या अशोकाची साल खपते. याउलट आंबेगाव-जुन्नरच्या महादेव कोळ्यांचा बाळहिरडा पाहा. झाड घराण्याचे, तोडणी ठरलेली, म्हणून झाडे उभी आहेत. धनी कोण हे ठरलेले असले की झाड टिकते.

हा धनीपणा देणारा कायदा आपल्याकडे आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ट) मध्ये — इंग्रजीत ते 'के' — जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर आणि बौद्धिक संपदेवर समाजाचा सामूहिक हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हा चर्चा झाली ती बांबूची. बांबू आणि तेंदू महत्त्वाचेच, त्यांवर चूल पेटते. पण ज्ञानावरच्या या हक्काचा दावा ग्रामसभांनी तितक्याच जोराने करायला हवा. भुमकाला, सुईणीला एकत्र बसवून काय सांगायचे, कोणाला सांगायचे आणि काय सांगायचेच नाही, हे गावाने ठरवायचे. काणी वैद्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ग्रामसभेतच मिळू शकते.

त्यासाठी एक दप्तर तयारच आहे. डॉ. माधव गाडगीळ यांच्या कल्पनेतून आलेली लोक जैवविविधता नोंदवही कायद्यानुसार प्रत्येक गावात असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली ३१ जानेवारी २०२० ची मुदत गाठण्यासाठी अनेक ठिकाणी ती बाहेरच्या माणसांनी घाईने भरली, एका गावची पाने दुसऱ्या गावाला लावून. तुमचे गाव जंगलालगतचे असेल तर ग्रामपंचायतीत जाऊन ही नोंदवही मागा. गावातल्या म्हाताऱ्या सुईणीला, भगताला, गुराख्याला ती वाचून दाखवा. त्यांना विचारून लिहिले आहे का, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने घातले आहे का, जे उघड करायचे नव्हते ते उघड झाले आहे का, ते तपासा. चूक आढळली तर दुरुस्तीचा ठराव पुढच्या ग्रामसभेत मांडा.